१५० कोटींचे रोखे आणि एक आमदारकी: विदर्भातल्या जिल्हा बँकेचं प्रकरण

या प्रकरणातल्या घटना सार्वजनिक नोंदीत आहेत. व्यक्तींची, बँकेची आणि मतदारसंघाची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. शिक्षेविरुद्ध अपील दाखल झालेलं आहे, शिवाय आम्हाला इथं माणसापेक्षा व्यवहार तपासायचा आहे. एका जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्ष, जे पाच वेळा आमदार आणि पुढं राज्याचे कॅबिनेट मंत्री झाले, त्यांची आमदारकी २००१-०२ मधल्या सरकारी रोख्यांच्या (सरकार कर्ज घेताना देतं त्या, व्याज मिळणाऱ्या कागदांच्या) खरेदीमुळे २०२३ मध्ये गेली. मधल्या २१ वर्षांत नेमकं काय झालं, काय राहून गेलं आणि कोणत्या टप्प्यावर कोणाला वेगळं करता आलं असतं, ते पुढं मांडलं आहे.

पार्श्वभूमी

विदर्भातल्या गावात जिल्हा बँक म्हणजे पीककर्ज. पैसा नाबार्डकडून राज्य सहकारी बँकेकडे, तिथून जिल्हा बँकेकडे, जिल्हा बँकेतून गावच्या सेवा सहकारी सोसायटीकडे आणि सोसायटीतून कास्तकाराच्या हातात येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार, ग्रामपंचायतीचा निधी, बाजार समितीच्या ठेवी, सेवानिवृत्तांची जमापुंजी हेही बहुतेक करून याच बँकेत असतं.

राजकारणासाठी या बँकेचं मोल वेगळंच आहे. संचालक मंडळाच्या निवडणुकीत सोसायटी ठराव करून आपला प्रतिनिधी पाठवते आणि मत तो देतो. ज्याच्याकडे ठराव जास्त, त्याच्याकडे बँक. आणि ज्याच्याकडे बँक, त्याला तालुक्यातल्या प्रत्येक गावात सोसायटीचा अध्यक्ष, गटसचिव आणि दोन-चार वजनदार कास्तकार आयते मिळतात. विधानसभेची फळी यातूनच उभी राहते.

आपल्या प्रकरणातले नेते अशाच घरातले. वडील सहकारातलं मोठं नाव, तेही मंत्री राहिलेले. मुलगा १९९५ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेला, १९९९ ला पडला आणि त्याच वर्षी जिल्हा बँकेचा अध्यक्ष झाला. आमदारकी गेली तरी जिल्ह्यातली पकड सुटली नाही, ती बँकेमुळेच.

रोखे खरेदीत पैसा आणि कागद कसे फिरतात

बँकेला आपल्या ठेवींचा ठरावीक हिस्सा सुरक्षित आणि लगेच मोडता येईल अशा स्वरूपात ठेवावा लागतो. जिल्हा बँका त्यासाठी प्रामुख्यानं राज्य सहकारी बँकेत ठेव ठेवत. २००० ते २००२ या काळात व्याजदर उतरत होते. दर उतरले की जुन्या, जास्त व्याजाच्या सरकारी रोख्यांची किंमत चढते. त्यामुळे रोखे घ्या, चढले की विका, अशी मांडणी घेऊन दलाल सहकारी बँकांच्या दारात येऊ लागले. मुळात रोखे घेण्यात वावगं काही नाही. केंद्र सरकारचा रोखा हा देशातला सगळ्यात सुरक्षित कागद आहे. तो खरोखर हातात आला की नाही, एवढाच प्रश्न असतो.

नियमानं खरेदी अशी व्हायला हवी. संचालक मंडळ किंवा गुंतवणूक समिती ठराव करते: कोणता रोखा, किती दर्शनी किमतीचा (म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या मूळ रकमेचा), जास्तीत जास्त कोणत्या भावानं, सही कोणाची. मग विकणारा पक्ष ठरतो. दलालाचं काम दोन पक्षांची गाठ घालून देण्यापुरतं असतं. १९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर रिझर्व्ह बँकेनं ही शिस्त घालून दिली होती: पैसा विकणाऱ्याला थेट द्यायचा, दलालाला फक्त दलाली. रोख्याची नोंद रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयातल्या खात्यात, म्हणजे एसजीएल खात्यात होते. जिल्हा बँकेचं स्वतःचं असं खातं नसेल तर एखाद्या मोठ्या बँकेच्या ग्राहक खात्यात होते. रिझर्व्ह बँकेनं १९९५ पासूनच अशी सोय केली होती की रोखा आणि पैसा एकाच वेळी हात बदलतील.

या प्रकरणातला खटल्यातला मूळ आरोप असा: बँकेनं सुमारे १५० कोटी रुपये खासगी दलाल कंपन्यांना दिले. त्या कंपन्यांनी रोखे दिले नाहीत आणि पैसेही परत केले नाहीत. अध्यक्ष, महाव्यवस्थापक आणि दलाल यांनी हे संगनमतानं केलं, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. नेत्यांनी आरोप नाकारले.

आता बँकेच्या हातात राहिलं काय, ते पाहू. राहिली ती कॉन्ट्रॅक्ट नोट. त्यावर रोख्याचं नाव, व्याजाचा दर, मुदत संपण्याचं वर्ष, दर्शनी किंमत, भाव, एकूण रक्कम असं सगळं छापलेलं असतं आणि खाली दलालाचा शिक्का. ज्यानं असा कागद आधी पाहिलेला नाही त्याला तो रोखाच वाटतो. पण ते केवळ सौदा ठरल्याचं पत्र आहे. वावराचा इसार झाला आणि सातबारा फेरला नाही, तशी ही अवस्था. विकणारा कोण, या रकान्यात दलालाचंच नाव असेल तर तिथंच थांबायला हवं, कारण दलाल स्वतः विकणारा नसतो.

दुसरी खूण व्याजाची. सरकारी रोख्याचं व्याज दर सहा महिन्यांनी, ठरलेल्या तारखेला, रिझर्व्ह बँकेमार्फत येतं. ती तारीख गेली आणि व्याज आलं नाही, किंवा ते दलालाच्या चेकनं आलं, तर रोखा आपल्या नावावर नाही असंच समजावं. जिल्हा बँकेच्या गुंतवणूक नोंदवहीत हे रकाने असतात. ते दर महिन्याला एसजीएल खात्याच्या उताऱ्याशी ताडून पाहायचे, हे एका कारकुनाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एप्रिल २००२ आणि समोरचे पर्याय

सहकार खात्याच्या विशेष लेखापरीक्षणात हा प्रकार पुढं आला आणि एप्रिल २००२ मध्ये गुन्हा दाखल झाला. कलमं होती विश्वासघाताची, बनावट दस्तऐवजाची आणि कटाची. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, अध्यक्षांना अटक झाली आणि त्याच वर्षी दोषारोपपत्रही आलं. त्याच सुमारास राज्यातल्या आणखी काही जिल्हा बँकांचे पैसे याच पद्धतीनं अडकल्याचं उघड झालं, आणि वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे दाखल झाले.

अशा वेळी संस्थेपुढं तीन वाटा असतात. पहिली, दलालाला मुदत देऊन रोखे किंवा पैसे मागत राहणं. बहुतेक संस्था हीच वाट धरतात, कारण बोभाटा झाला तर ठेवीदार धावत येतील ही भीती असते. पण या मुदतीतच दलालाच्या खात्यातला पैसा पुढं सरकतो. दुसरी वाट म्हणजे फौजदारी तक्रार करून दलालाची खाती आणि मालमत्ता लगेच गोठवून घेणं. तिसरी, सहकार कायद्याची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित करणं. कारभारात भाग घेतलेल्या माणसाकडून व्याजासह रक्कम वसूल करण्याचा आदेश कलम ८८ मध्ये देता येतो, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते.

आमच्या मते पहिल्या दिवसापासून दुसरी आणि तिसरी वाट एकत्र चालवायला हवी होती, आणि सगळा जोर तिसरीवर द्यायला हवा होता. फौजदारी खटल्यात माणसाला शिक्षा होते. ठेवीदाराचा पैसा परत येण्याचा रस्ता कलम ८८ चा आहे. प्रत्यक्षात झालं उलट. कलम ८८ ची चौकशी दोन वर्षांत पूर्ण करावी अशी कायद्याची अपेक्षा असताना ती वर्षानुवर्षं रेंगाळली, आणि २०२३ मध्ये शिक्षा झाली तेव्हाही वसुली तडीस गेलेली नव्हती. प्रकरणाबद्दल बोलताना हा भाग सगळ्यांत कमी बोलला जातो. आमची खरी तक्रार इथंच आहे.

गावात काय झालं

१५० कोटी हा आकडा गावातून पाहिला तरच कळतो. त्या काळी एका कास्तकाराला सरासरी १५,००० रुपये पीककर्ज लागतं असं धरलं, तर ही रक्कम १ लाख कास्तकारांच्या एका खरिपाची होते.

मे महिन्यात सोसायटीच्या कार्यालयात गटसचिव समोर याद्या घेऊन बसलेला असतो: जुनं भरलं कोणी, नवं मंजूर किती. ३१ मार्चला घरचं सोनं गहाण टाकून जुनं कर्ज भरलेला माणूस, मृग लागायच्या आत नवं मिळेल या भरवशावर असतो. बँकेकडं रोकड नसेल तर गटसचिवाजवळ एकच उत्तर उरतं, वरून रक्कम आली नाही. मग बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर घ्यायचं, नाहीतर सावकार. कर्ज भरणाऱ्याचीच अशी फसगत झाली की पुढच्या वर्षी तोही भरत नाही, आणि बँकेची वसुली आणखी खाली जाते. जिल्हा बँक बुडते ती या चक्रात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विदर्भातल्या तीन जिल्हा बँका पुढं रिझर्व्ह बँकेच्या किमान निकषांत बसल्या नाहीत, परवाना अडला, नव्या ठेवी घेण्यावर निर्बंध आले आणि सरकारी मदतीनंतरच त्या उभ्या राहिल्या. त्याला केवळ रोख्यांचा तोटा कारण नव्हता. थकीत शेतीकर्ज, वारंवारचे दुष्काळ, राजकीय वशिल्याची बिगरशेती कर्जं हेही होतं. पण ज्या बँकेचं भांडवल आधीच पोखरलेलं आहे, तिला दुष्काळाचं एक वर्षही झेपत नाही.

ठेव विमा होताच की, असं अनेक जण विचारतात. तेव्हा त्याची मर्यादा १ लाख रुपये होती, २०२० मध्ये ती ५ लाख झाली. पण त्या काळी विम्याचा पैसा बँक अवसायनात निघाल्यावरच, म्हणजे कायमची बंद करायला काढल्यावरच मिळे. बँक नावाला चालू आणि पैसे काढण्यावर बंधन, अशा स्थितीत ठेवीदाराला काहीच हाती येत नसे. ही अडचण २०२१ च्या दुरुस्तीनं दूर झाली. आता रिझर्व्ह बँकेचे सर्वंकष निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते.

२१ वर्षं आणि चार निवडणुका

गुन्हा दाखल झाल्यावर दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, नेते अपक्ष म्हणून निवडून आले. पुढं २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये पक्षाच्या चिन्हावर. २०१९ च्या अखेरीस कॅबिनेट मंत्री झाले आणि २०२२ च्या मध्यात सरकार पडेपर्यंत राहिले.

बाहेरचा माणूस यावर चटकन म्हणतो की लोकांना भ्रष्टाचाराचं काही वाटत नाही. आम्हाला हे पटत नाही. बँकेचा तोटा कोणा एकाच्या वहीत दिसत नाही, तो कर्ज उशिरा मिळण्यात दिसतो. आणि त्या उशिराचं कारण गावात सरकार, दुष्काळ, रिझर्व्ह बँक असं काहीही सांगितलं जातं. याउलट दवाखान्यात नेण्यासाठी गाडी मिळाली, रोहित्र जळालं तेव्हा दोन दिवसांत बदलून मिळालं, तहसीलदाराला फोन गेला, या गोष्टी नावानिशी लक्षात राहतात. मतदार हे पाहून मत देतो. त्यात आरोपाचा निकालच लागलेला नसेल, तर ‘राजकारणातून अडकवलं’ हे म्हणणं खोडायला कोणाकडे काही नसतं. खटला लांबण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच असतो, आणि सगळ्यात मोठा तोटाही. माणूस खरोखर निर्दोष असेल तरी त्याला २० वर्षं ते सांगत फिरावं लागतं.

निकाल आणि पुढचे १८ दिवस

२२ डिसेंबर २०२३, शुक्रवार. अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी नेत्यांसह सहा जणांना दोषी ठरवलं, तिघांना निर्दोष सोडलं. दोषींत बँकेचे तत्कालीन महाव्यवस्थापक आणि दलाल होते. शिक्षा ५ वर्षं सक्तमजुरी आणि १२.५ लाख रुपये दंड.

इथं कायद्याचा एक बारकावा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८(३) प्रमाणं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली की दोषी ठरल्याच्या तारखेपासून अपात्रता लागते, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं राहते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांचीही अट नाही, नुसता दंड झाला तरी अपात्रता येते. इथं भारतीय दंड संहितेची कलमं होती, म्हणून शिक्षेचा कालावधी निर्णायक ठरला. पूर्वी आमदाराला अपिलासाठी तीन महिन्यांचं संरक्षण होतं. सर्वोच्च न्यायालयानं लिली थॉमस प्रकरणात १० जुलै २०१३ रोजी ते रद्द केलं. त्यामुळे निकालाच्या दुसऱ्याच दिवशी विधिमंडळ सचिवालयानं जागा रिक्त झाल्याचं जाहीर केलं, आणि तेही निकालाच्या तारखेपासून.

बचाव पक्षापुढं दोन वेगळ्या मागण्या होत्या, आणि त्यांची नेहमी गल्लत होते. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगातून बाहेर. दोषसिद्धीला स्थगिती म्हणजे अपात्रता थांबते. पहिली अपील ऐकेपर्यंत सहसा मिळते. दुसरी अपवाद म्हणून दिली जाते, आणि ती का हवी याची वेगळी, ठोस कारणं मांडावी लागतात. निवडणूक लढवता येणार नाही एवढं कारण पुरत नाही. नाताळच्या सुट्यांत सत्र न्यायालयात अर्ज गेला आणि ३० डिसेंबरला फेटाळला गेला. ९ जानेवारी २०२४ ला उच्च न्यायालयानं जामीन दिला. दोषसिद्धीला स्थगिती मात्र जुलै २०२४ मध्ये नाकारली, आणि विधानसभेचे अर्ज भरायची वेळ आली तेव्हा ती हातात नव्हती.

मतदारसंघाला पोटनिवडणूकही मिळाली नाही. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ प्रमाणं सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पण विधानसभेची मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर नाही. विधानसभा नोव्हेंबर २०२४ ला संपत होती, जागा डिसेंबर २०२३ ला रिकामी झाली. अकोला पश्चिम मतदारसंघाची जाहीर झालेली पोटनिवडणूक याच मुद्द्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२४ मध्ये रद्द केली होती. त्यामुळे अकरा महिने सभागृहात या तालुक्यांचा प्रश्न मांडणारा माणूस नव्हता.

परिणाम

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नेते प्रचाराच्या पुढच्या फळीत होते आणि त्यांच्या भागातला पक्षाचा उमेदवार निवडून आला. अपात्रतेनं उमेदवारी जाते, वजन लगेच जात नाही, हे त्यात दिसलं. नोव्हेंबरच्या विधानसभेत घरातूनच पत्नीला उमेदवारी मिळाली. त्या पराभूत झाल्या. सलग चार वेळा घरात राहिलेली जागा गेली.

इथला निर्णय आम्हाला चुकीचा वाटतो. ज्या फळीनं २० वर्षं काम केलं, तिच्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद सदस्याला किंवा बाजार समितीच्या सभापतीला उभं करण्याचा पर्याय होता. तसं केलं असतं तर जागा टिकलीच असती असं म्हणता येणार नाही. पण मत मागताना जुनं प्रकरण प्रत्येक सभेत उमेदवाराच्या आडनावाबरोबर आलं नसतं.

कुठं वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, पैसा देण्याच्या क्षणी. अध्यक्षांनी आणि महाव्यवस्थापकांनी रोखा खात्यात जमा झाल्याशिवाय रक्कम सोडायची नाही, एवढा एकच नियम पाळला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. १५ फेब्रुवारी २००२ पासून रोख्यांचे सौदे क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मध्यस्थ संस्थेमार्फत पुरे करण्याची सोयही सुरू झाली होती.

दुसरं, संचालकांनी. मंडळाच्या बैठकीत गुंतवणुकीचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतो आणि एका मिनिटात मंजूर होतो, हे जिल्हा बँकांत सर्रास चालतं. ज्या संचालकाला हे पटत नाही त्यानं तोंडी कुरकुर करून भागत नाही. इतिवृत्तात आपला विरोध लेखी नोंदवून घ्यावा आणि पुढच्या बैठकीत तो जसाच्या तसा वाचला गेला का, हे पाहावं. कलम ८८ च्या चौकशीत हाच कागद त्याला वाचवतो.

तिसरं, सोसायटीच्या प्रतिनिधींनी. वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालाच्या पुस्तकात गुंतवणुकीचं परिशिष्ट असतं. ‘सरकारी रोखे’ या ओळीसमोरची रक्कम पाहून तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: हे रोखे कोणत्या खात्यात आहेत, ३१ मार्चच्या शिल्लकेचा उतारा लेखापरीक्षकानं पाहिला का, आणि वर्षभरात या रोख्यांवर आलेलं व्याज कोणाकडून जमा झालं. प्रश्न सभेच्या आधी लेखी दिला तर उत्तर देणं टाळता येत नाही आणि तो इतिवृत्तात येतो. रोखे आता डिमॅट किंवा एसजीएल स्वरूपातच ठेवावे लागतात, आणि १ एप्रिल २०२१ पासून जिल्हा बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकारही वाढले आहेत, तरीही हे तीन प्रश्न विचारायला हवेत. कारण उतारा मागणारा कोणी नसेल तर तो मागवलाच जात नाही.

आणि सहकार खात्यानं. कलम ८८ चा आदेश दोन वर्षांत निघाला असता, तर संबंधितांच्या मालमत्ता तेव्हा त्यांच्याच नावावर होत्या, किमती आजच्यापेक्षा कमी असल्या तरी जप्तीला हाताशी होत्या. वीस वर्षांत वाटण्या होतात, विक्री होते, काही जण मरतात आणि वारसांविरुद्ध नव्यानं नोटिसा काढाव्या लागतात. ज्या ठेवीदारांनी तेव्हा शाखेत रांगा लावल्या, त्यांतल्या अनेकांच्या पासबुकावर आता वारसाची नोंद झाली आहे.